नेरळहून निघालो, सावित्रीच्या उगमापाशी पोचलो

कोकणात जायचं म्हणजे पहाटे चारला उठायचं, उजाडायच्या आत पनवेल मागे टाकायचं, महामार्गाच्या खड्ड्यांना नावं ठेवत वडखळला नाश्ता करायचा आणि जेवणवेळेला मुक्कामी हजर व्हायचं, ही आमच्या घरची रीत. यंदा जानेवारीत ती मोडली. आठवीतल्या ईशानला माथेरानच्या गाडीत बसायचं होतं. समीरला घाट चालवायचे होते. रस्ते चौपदरी झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावून बसणं एवढंच काम उरलंय, अशी त्याची तक्रार. आणि अप्पा. माझे वडील मध्य रेल्वेच्या पी-वे खात्यातून निवृत्त झाले. पी-वे म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी यांची देखभाल करणारी माणसं. कल्याण-कर्जत सेक्शन त्यांना तळहातासारखा पाठ, पण नेरळला शेजारून जाणाऱ्या त्या छोट्या रुळांवरून ते कधी वर गेले नव्हते. "ड्यूटीवर असताना सहल करायची नसते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. निवृत्तीनंतर का नाही गेलात, याला उत्तर नव्हतं.

मग मी नकाशा काढला आणि सगळ्यांची सोय लागेल अशी एक वाट जुळवली. नेरळहून रेल्वेने माथेरान. तिथून खोपोली, पाली, रोहा करत समुद्र. किनाऱ्याने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. बाणकोटची खाडी ओलांडून दापोली. आणि परत येताना पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. महामार्ग लागेल तेवढाच. समीरने फक्त विचारलं, "आणि वेळ?" अप्पा म्हणाले, "वेळेचं काय घेऊन बसलात जावईबापू, चढ काय आहे ते विचारा."

पहिला दिवस : नेरळ ते माथेरान

डोंबिवलीहून बदलापूर, वांगणी करत सकाळी लवकर नेरळला पोचलो. माथेरानच्या गाडीचं तिकीट खिडकीवर रांग लावून घ्यायचं, आणि सुट्टीचा दिवस असेल तर रांग आपल्या आधी येऊन उभी असते. कार वर नेणं समीरच्या वाट्याला आलं. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्या दस्तुरी नाक्याच्या वाहनतळावरच ठेवाव्या लागतात. तिथवर घाटरस्त्याने अर्ध्या तासात जाता येतं. रेल्वेच्या गाडीला अडीच तासांहून जास्त लागतात.

अप्पांनी फलाटावर आल्या आल्या वाकून रुळांमधलं अंतर वितीने मोजलं. "दोन फूट. बरोबर." शेजारची मोठी लाईन साडेपाच फुटांची. ईशानला वाटलं छोटी गाडी म्हणून छोटे रूळ. अप्पांनी त्याला उलटं समजावलं: डोंगराला वळसे घालायचे तर वळणं आखूड हवीत, आखूड वळणावर रुंद गाडी बसत नाही, म्हणून रूळ जवळ आणि गाडी छोटी. हा मार्ग मुंबईच्या आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधला. सर आदमजींचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. सरकारची वाट न बघता एका व्यापाऱ्याने डोंगरावर रेल्वे नेली, ही गोष्ट अप्पांना फार आवडते. पहिली इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची होती आणि वळणावर त्यांची चाकं थोडी सरकून वळतील अशी रचना त्यात केलेली होती. आता पुढे डिझेल इंजिन असतं.

गाडी सुटली. थोडा वेळ ती मोठ्या लाईनच्या कडेने जाते, मग वळते आणि लगेच चढायला लागते. मला वाटलं होतं घाट सुरू व्हायला वेळ लागेल. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आणि माथेरान आठशेवर. मधलं सगळं वीस-एकवीस किलोमीटरांत संपवायचं, मग उसंत कुठली?

"चढ काय आहे?" ईशाननेच विचारलं. दोन दिवस हेच ऐकून तो तयार झाला होता.

"सगळ्यात कडक जागी वीसला एक. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर." मग अप्पांनी हिशेब मांडला. बोर घाटात, कर्जत ते लोणावळा, सदतीसला एक. तेवढ्या चढालासुद्धा कर्जतला मागून ढकलणारी 'बँकर' इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेवर तर दीडशेला एकच्या वर चढ जाऊच दिला नाही, म्हणून तिथे इतके बोगदे आणि पूल. "ज्याला वेगात जायचंय त्याने डोंगर फोडावा. ज्याला फोडायचा नाही त्याने त्याच्याभोवती फिरावं." या मार्गावर बोगदा एकच आहे, आणि तो इतका आखूड की इंग्रजांच्या काळापासून त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. ईशानने अर्थ विचारला. अप्पा खिडकीबाहेर खडी तपासू लागले, म्हणून उत्तर मला द्यावं लागलं. तोवर बोगदा संपला होता.

मोटाररस्ता आणि रूळ या डोंगरावर एकमेकांना पुन्हा पुन्हा छेदतात. जुम्मापट्टीच्या अलीकडे एका फाटकाशी आमचीच कार उभी दिसली. समीर बॉनेटला टेकून चहा पीत होता. नेरळला निवांत नाश्ता करून तो मागून निघाला होता आणि तरी आमच्या पुढे होता. हात हलवून म्हणाला, "ढकलू का?" डब्यातल्या सगळ्यांनी त्याला हसून घेतलं. जुम्मापट्टीला काकडी, बोरं आणि वडापाव घेऊन बायका खिडकीशी आल्या. वडापाव गार होता. बोरं मात्र आंबटगोड, मीठ-तिखट लावलेली, आणि ईशानच्या हातातली निम्मी पुढच्या थांब्यावर माकडाने नेली. तो थांबा म्हणजे वॉटर पाईप. वाफेची इंजिनं इथे पाणी भरून घ्यायची.

खरी मजा त्यानंतरची. गाडी वळणावर इतकी वाकते की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन समोरासमोर दिसतं. डावीकडे दरी, खाली उल्हासचं पात्र, आणि त्याच्या कडेने कर्जतकडे सरपटणारी लोकल. कारवीची झुडपं खिडकीतून हाताला लागतात. अप्पांचं लक्ष मात्र दरीकडे नव्हतंच. रुळाच्या वरच्या अंगाला, उतारावरून पाणी येतं त्या बाजूला, जाळ्यांत दगड भरून रचलेल्या भिंती दिसत होत्या. "हे चांगलं काम केलंय," ते दोनदा म्हणाले. २००५ च्या जुलैतल्या पावसाने हा मार्ग वाहून नेला आणि गाडी पुन्हा चालू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद. पूर्वी डब्याडब्यात माणूस बसून हाताने ब्रेक आवळायचा. त्या घसरण्यानंतर एअरब्रेक आले. २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ गेले, ते थेट २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज, म्हणजे दस्तुरी नाक्यापाशचं स्टेशन, हा टप्पा तसाही बंदच ठेवतात, वर अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. पर्यटकाला वाटतं शंभर वर्षांपूर्वी बांधलं आणि चालतंय. अप्पांच्या मते दर पावसाळ्यानंतर हा मार्ग थोडा थोडा नव्याने बांधला जातो, आणि बांधणाऱ्या गँगमनचा फोटो कुणी काढत नाही. मग त्यांनी ईशानला काढायला लावला. चार जण साइड ड्रेन साफ करत होते, त्यांनी फावडी टेकवून मस्तपैकी पोज दिली.

अमन लॉजला समीर भेटला नाही. तो दस्तुरीला गाडी लावून, नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून रुळांच्या कडेने चालत निघाला होता, आणि बाजारपेठेच्या स्टेशनात आमच्या आधी पोचून चिक्की खात बसला होता.

माथेरान १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने पायथ्याच्या चौक गावाहून वर चढून 'शोधलं', असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वर धनगर, कातकरी, ठाकर आधीपासून होतेच, त्यांना शोध लागायचा काही प्रश्न नव्हता. संध्याकाळी शार्लोट तलावावरून लुईझा पॉइंटला गेलो. लाल मातीने घोट्यापर्यंत पाय रंगले. घोड्यांच्या लिदीचा वास, माणसाने ओढायच्या हातरिक्षा, आता त्यांच्या जोडीला ई-रिक्षा. या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, आणि मला विचाराल तर ते फार आधी व्हायला हवं होतं. समोर प्रबळगडाची भिंत होती. तिच्यापलीकडच्या इर्शाळगडाच्या कुशीतली वाडी २०२३ च्या जुलैत एका रात्रीत दरडीखाली गेली. इथून फक्त डोंगर दिसतात.

दुसरा दिवस : पाली, रोहा, मुरूड

दस्तुरीहून नेरळपर्यंतचा उतार समीरने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला. या रस्त्याला माणसं घाबरतात ते उगाच नाही; अप्पांनी मागे बसून वळणावर हँडल घट्ट धरलं होतं आणि तोंडाने "छान, छान" म्हणत होते.

कर्जत, खोपोली, पाली. बल्लाळेश्वराला रांग नव्हती, दर्शन झालं. वाकणला महामार्ग ओलांडला आणि भिसे खिंडीतून रोह्यात उतरलो. रोह्याचं नाव रेल्वेवाल्यांच्या तोंडी सारखं असतं, कारण मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. अप्पांनी स्टेशन बघून यायचा आग्रह धरला. दहा मिनिटांत परत आले. "स्टेशनच आहे," म्हणाले.

रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने चणेऱ्यावरून साळाव हा रस्ता मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात अनपेक्षित वाटला. नदी हळूहळू खाडी होते. आधी भातखाचरं, मग वालाची शेतं, मग तिवरं, मग खारट वास. हा बदल बघायला रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. साळावला समुद्र गाठला आणि दक्षिणेला वळलो. कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला समुद्रात लांब घुसलेल्या डोंगरावर आहे, आणि त्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत घराघरांत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली चालते. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये. काशीदबद्दल काही लिहीत नाही. रविवार होता, एवढं सांगितलं की पुरे.

मुरूडच्या अलीकडे ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी दुपारीच विचारलं होतं, "रात्री पोपटी लावू ना?" जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पोपटी न खाता गेलं तर येऊ नये. वालाच्या शेंगा भरल्या की याचा हंगाम सुरू होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून घातला. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, त्याला ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास असतो. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मग बटाटे, कांदे, अंडी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाला लावलेलं चिकन. पुन्हा शेंगा, आणि वरून तोंड बंद होईल एवढा पाला ठासला. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-पेंढा रचून जाळ केला.

किती वेळ, ते घड्याळावर नसतं. आमच्या यजमानांचे वडील मधूनच मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे आणि आवाज ऐकायचे. "अजून नाय." पुन्हा थेंब. "अजून नाय." ईशानने तिसऱ्यांदा "झालं?" विचारलं तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्याच हातात दिला. थेंब पडल्या पडल्या चर्र होऊन उडून गेला. "आता झाली." मडकं फोडलं नाही, पाला काढून वर्तमानपत्रावर ओतलं. शेंगा सोलून खाता खाता कोपरापर्यंत काळे झालो. चिकन चांगलं होतं, पण शेंगांपुढे त्याची काय मातब्बरी! अप्पांनी दात नसल्याचं कारण काढून चिकन नाकारलं आणि शेंगांचा ढीग संपवला.

तिसरा दिवस : दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन

सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. सिद्द्यांचा हा किल्ला कुणालाही जिंकता आला नाही, हे गाइड तीन भाषांत सांगतो आणि कलालबांगडी तोफेपाशी सगळ्यांचे फोटो होतात. मला किल्ल्यापेक्षा तटावरून दूर दिसणारा पद्मदुर्ग जास्त बोलका वाटला. जंजिरा हाती येत नाही म्हटल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोर समुद्रात आपला किल्ला उभा केला.

आगरदांड्याहून दिघीला कारसकट फेरीबोट. खाडीला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो. उतरलो, बोर्ली पंचतन ओलांडलं आणि दिवेआगरच्या वाडीत शिरलो.

दिवेआगरचा सुवर्णगणेश १९९७ मध्ये एका वाडीत खणताना सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडून दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले आणि मुखवटा चोरीला गेला, २०२१ मध्ये तो पुन्हा बसवला. हे सगळ्यांना माहीत असतं. ज्यांच्याकडे आम्ही जेवलो त्या काकू त्याबद्दल बोलल्या नाहीत. त्या बोलल्या ३ जून २०२० बद्दल. निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. "दुपारी दार लावून बसलो, संध्याकाळी उघडलं तर वाडीतून समुद्र दिसायला लागला होता. आमच्या वाडीतून समुद्र कधीच दिसला नव्हता हो." नारळ मुळासकट आणि सुपारी मधोमध मोडून पडल्या. सुपारीचं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि पूर्ण उत्पन्नाला त्याहून जास्त. म्हणजे वादळानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे पहिली फळं देतायत. अंगणात वाळत घातलेली सुपारी दिसत होती, ती वाचलेल्या झाडांची. मधल्या वर्षांत काय केलंत, असं समीरने विचारलं. "खोल्या काढल्या, जेवण चालू केलं. आता तुमच्यासारखी माणसं येतात." त्यांनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तळलेली मांदेली आणि सोलकढी वाढली. घरगुती जेवण म्हणून आपण कौतुकाने जेवतो त्यातली कितीतरी घरं अशीच, वाडी पडली म्हणून चुलीकडे वळलेली आहेत.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीचा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की भरतीला काचेवर तुषार येतात. इथे समीरने पहिल्यांदा कुणी न सांगता गाडी थांबवली. अप्पांनी समुद्राकडे बघून मान डोलावली आणि वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "याला पण जाळ्या लागणार." श्रीवर्धन म्हणजे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. बाजारात रोठा सुपारीचे ढीग होते. अप्पांनी निवडून पावशेर घेतली आणि दाताचं काय, या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं.

चौथा दिवस : बाणकोटची खाडी, हर्णै, दापोली

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. खडकांना लाटांनी जाळीदार कोरलंय ते बघण्यासारखं आहे, पण पाटीवरची वेळ चुकवून खाली उतरू नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत.

बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी फेरीबोट. इथे सावित्री समुद्राला मिळते. पाणी गढूळ, पात्र रुंद, आणि मधोमध रखडलेल्या पुलाचे खांब उभे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग होईल तेव्हा या खाड्यांवर पूल होतील आणि फेरीबोटी बंद पडतील. माझा त्याला विरोध नाही. पलीकडच्या गावातून रात्री बाळंतीण न्यायची असेल तर पूलच हवा, आणि बोटीत वीस मिनिटं वाऱ्यावर उभं राहायला मला आवडतं म्हणून कुणी खाडीपाशी अडकून पडावं, हा काही न्याय नाही. पण पूल व्हायच्या आत एकदा या बोटीतून जाऊन यावं, एवढं मात्र सांगेन. पलीकडे टेकाडावर बाणकोटचा किल्ला. मराठ्यांचा हिम्मतगड इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायला लागले.

ईशानने बोटीच्या कठड्यावरून विचारलं, "ही नदी येते कुठून?"

"महाबळेश्वरहून," मी म्हटलं. "परवा— नाही, उद्याच आपण तिथे असू."

"म्हणजे आपण हिला उलटं चढणार?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नकाशा जुळवताना मी रस्ते बघत होते, नद्या नाही.

भारजा नदी ओलांडून केळशी, मग उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. दर गावाला एक खाडी, एक चढ, एक उतार आणि माथ्यावर जांभ्याचा सडा. सड्यावर वाळलेलं गवत आणि लांबवर निळी रेघ, उतारावर मोहोरलेले आंबे. काच खाली केली की गाडीत मोहोराचा वास भरायचा. कड्यावरच्या गणपतीला अप्पा चढले नाहीत, पायथ्याशी कलिंगडवाल्याशी गप्पा मारत बसले.

दुपारी चारला हर्णै बंदर. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो आणि तो बघायला आत घुसावं लागतं. होड्या उथळ पाण्यात थांबतात, माणसं छातीभर पाण्यातून टोपल्या घेऊन येतात, ओल्या वाळूवर ढीग पडतो आणि ढिगाभोवती कोंडाळं होतं. आकडे इतक्या झपाट्याने चढतात की मला शेवटचाच ऐकू आला. एका मावशींनी मला कोळंबीकडे वाकलेलं बघितलं. "शहरवाले फकस्त बघतत," शेजारणीला म्हणाल्या. मग मी घेतली. घ्यावीच लागली. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग होता. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला. पेशव्यांची त्याला साथ होती, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. मुक्काम दापोली. कोळंबी तिथल्या खानावळीत करून घेतली.

पाचवा दिवस : कशेडी, आंबेनळी, महाबळेश्वर

दापोलीच्या सकाळी स्वेटर लागतो, किनारा इतका जवळ असून. खेडला उतरून महामार्गाला लागलो. कशेडीला दोन वाटा: जुना घाट, नाहीतर नवा बोगदा. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची पहिली नळी गाड्यांसाठी उघडली. जुन्या घाटात भोगावजवळ रस्ता दर पावसाळ्यात खचतो, ते टाळायचं हाच बोगद्याचा मुख्य फायदा. समीरला घाट हवा होता. अप्पांना बोगदा. नातुवाडीचा बोगदा कोकण रेल्वेसाठी याच डोंगररांगेत खणला, चार किलोमीटरहून लांब, तो त्यांनी गाडीतून पुष्कळदा पार केलाय. मोटारीने डोंगराच्या पोटातून जायचं कुतूहल होतं. मत टाकलं, बोगदा जिंकला. दोन-तीन मिनिटांत पलीकडे. "काय दिसलं?" समीरने विचारलं. "दिवे," अप्पा म्हणाले.

पोलादपूरला सावित्री पुन्हा भेटली. इथे ती नदीसारखी आहे, दगडगोट्यांतून वाहणारी. हीच पुढे महाडजवळ ब्रिटिशकालीन दगडी पुलाखालून जायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो पूल पडला आणि त्यावरच्या दोन एसटी बसगाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आत बांधून झाला. इतक्या लवकर बांधता येतो तर मग जुन्याची तपासणी आधी का होत नाही, असा प्रश्न पी-वेवाल्याच्या मुलीला पडतोच.

आंबेनळी घाट. पोलादपूर सोडलं की काही वेळ नदी उजव्या-डाव्या हाताला खेळते, मग रस्ता तिला खाली टाकून वर निघतो. चाळीसेक किलोमीटर, वळणावर वळण, अंगावर येणारे एसटीचे लाल डबे आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले, एकच वाचला. दापोलीहून निघताना खानावळीच्या मालकांनी फक्त "सावकाश जा" म्हटलं होतं. ते कशामुळे, ते घाटात आल्यावर कळलं. समीर बोलायचा थांबला, हॉर्न मात्र दर वळणाला. ठिकठिकाणी नवी संरक्षक भिंत, नवं डांबर. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात या घाटाचे तुकडे झाले होते. तेच पाणी सावित्रीतून महाडच्या घराघरांत शिरलं. वरून बघितलं की ते समजायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही: इतका उभा कडा, खाली अरुंद खोरं, आणि काल आम्ही ओलांडली ती भरतीची खाडी. महापूर आणि भरती एकाच वेळी आली तर पाण्याने जायचं कुठे?

प्रतापगड फाट्याला दही-भाकरी खाल्ली, गड पुढच्या वेळेवर ठेवला. "चढ काय असेल?" ईशानने अप्पांना विचारलं. "रस्त्याला विचारत नाहीत. मोटार चढते म्हणून माणूस कसाही रस्ता काढतो. रेल्वेला लाज असते."

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह दगडी तोंडांतून येऊन गोमुखातून कुंडात पडतात. कृष्णा इथून निघून पार बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री पश्चिमेला उडी मारते आणि शे-सव्वाशे किलोमीटरांत समुद्र गाठते. ईशानने तोंडं मोजली, सावित्रीचं कुठलं ते पुजाऱ्यांना विचारलं आणि त्याखाली हात धरून म्हणाला, "कालच्यापेक्षा स्वच्छ आहे." मग आर्थर सीटला गेलो. सावित्रीचं खोरं पायाखाली उघडतं, खालून वारा असा येतो की टाकलेलं बाटलीचं झाकण परत येतं. झाकणं टाकू नका. तरी लोक टाकतात, आणि मग इथे वाऱ्याचा चमत्कार दाखवणारी मुलं तीच झाकणं वापरतात.

महाबळेश्वर गाव लवकर आटोपलं. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि स्ट्रॉबेरी रस्त्याकडेच्या मळ्यावर जास्त चांगली मिळते. पाचगणी, पसरणी घाट, वाई, पुणे. पसरणीच्या उतारावर समीरने कबूल केलं की आता त्याला एक सरळ रस्ता हवाय. तो द्रुतगती मार्गावर मिळाला, खंडाळ्यापर्यंत. तिथे कंटेनर बंद पडलेला होता. तासभर जागच्या जागी. पलीकडे अंधारात बोर घाटाच्या रेल्वेचे दिवे चढत होते. अप्पांनी काच खाली केली, कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं की मागे बँकर लावलाय.

डोंबिवलीत पोचेस्तोवर मध्यरात्र होत आली. स्ट्रॉबेरीचा खालचा थर पार लगदा झाला होता, रोठा सुपारी अप्पांच्या खिशातून माझ्या पर्समध्ये आली होती, आणि सोसायटीत आमच्या पार्किंगच्या जागेवर कुणीतरी भलतीच गाडी लावून ठेवली होती.